वसतिगृहातील वाय-फाय : एका सामायिक साधनाचे अर्थशास्त्र

महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकेत ‘संपूर्ण परिसर वाय-फाययुक्त’ हे शब्द आता ग्रंथालय आणि क्रीडांगण यांच्या जोडीने छापले जातात. प्रत्यक्षात रात्री साडेनऊच्या सुमारास जेवण आटोपून विद्यार्थी खोल्यांत परतले की साधे एक पान उघडण्यास मिनिटे लागतात, व्याख्यानाची चित्रफीत अडखळते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर येऊन अडतो. पहाटे पाच वाजता मात्र हीच जोडणी विनातक्रार चालते. या एकाच निरीक्षणात प्रश्नाचे निम्मे निदान दडलेले आहे. यंत्रणा नादुरुस्त असती तर ती पहाटेही चालली नसती. ती गर्दीने कोंडलेली असते. गर्दी, तिची किंमत आणि तिचे वाटप हा अभियांत्रिकीइतकाच अर्थशास्त्राचाही विषय असल्याने पायाभूत सुविधा, बाह्यपरिणाम आणि सामायिक साधने या घटकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

सुविधेपासून हक्कापर्यंत

वसतिगृहातील इंटरनेट ही चैन आहे, असे मानणारे व्यवस्थापन आजही आढळते. उच्च शिक्षणाची रचना मात्र गेल्या दशकात बदलली आहे. ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या व्यासपीठावरून पूर्ण करून त्यांचे श्रेयांक मिळविण्याची मुभा देण्यात आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेस मंजुरी दिली. ६,००० कोटी रुपये तरतुदीच्या या योजनेद्वारे २०२५ ते २०२७ या काळात शासकीय संस्थांतील सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांसाठी सुमारे १३,००० नियतकालिके खुली करण्याचे ठरले. नियतकालिकाची वर्गणी सरकारने भरली आणि विद्यार्थ्याच्या खोलीत ते उघडलेच नाही, तर त्या खर्चाचा लाभ अर्ध्या वाटेवर थांबतो.

यात समतेचा प्रश्नही गुंतलेला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, इंटरनेट सुविधा असलेल्या कुटुंबांचे प्रमाण शहरी भागात ४२ टक्के, तर ग्रामीण भागात केवळ १४.९ टक्के होते. त्यानंतर मोबाइलच्या प्रसाराने चित्र बरेच बदलले. तरीही वसतिगृहातील वाय-फाय निकामी असते तेव्हा काय घडते, ते पाहावे. ज्याला परवडते तो मोबाइलचा मोठा डेटा पॅक घेतो आणि तक्रार करणे सोडून देतो. ज्याला परवडत नाही तो मागे राहतो आणि त्याची तक्रार एकाकी पडते. सार्वजनिक सुविधेतून सधन ग्राहक बाहेर पडले की तिच्या सुधारणेसाठीचा दबावही बाहेर पडतो. शासकीय रुग्णालये आणि शाळा यांच्याबाबत दिसलेली ही प्रक्रिया वसतिगृहाच्या व्हरांड्यातही तशीच घडते.

न्यायालयाने या विषयाला हक्काची बाजू दिली आहे. कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मोबाइल वापरण्यास बंदी घालण्यात आली होती. ती पाळण्यास नकार देणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृह सोडावे लागले. ‘फहिमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य’ या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी असा निर्णय दिला, की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. विद्यार्थिनीला पुन्हा प्रवेश देण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ‘अनुराधा भसीन’ प्रकरणात इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीस अनुच्छेद १९(१)(क) चे आणि इंटरनेटद्वारे चालणाऱ्या व्यवसायास १९(१)(छ) चे संरक्षण असल्याचे म्हटले. हे दोन निर्णय परीक्षार्थींनी एकत्र वाचावेत, पण त्यांची गल्लत करू नये : पहिल्याचा संबंध शिक्षण व खासगीपणाशी आहे, दुसऱ्याचा अभिव्यक्ती व व्यवसायाशी. यांपैकी कोणताही निर्णय वसतिगृहाला विशिष्ट वेगाची जोडणी देण्यास बांधील करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अडथळा नेमका कोठे?

सर्वसाधारण समज असा, की वेग कमी आहे म्हणजे बाहेरून येणारी जोडणी लहान आहे. कधीकधी ते खरेही असते. ३०० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला १०० एमबीपीएसची जोडणी आहे आणि रात्री त्यांपैकी २०० जण एकाच वेळी चित्रफीत पाहत आहेत, असे धरू. प्रत्येकाच्या वाट्याला ०.५ एमबीपीएस येईल. भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस ठरविला होता; जानेवारी २०२३ पासून ही व्याख्या २ एमबीपीएस करण्यात आली. म्हणजे या वसतिगृहातील विद्यार्थ्याला मिळणारा वेग व्याख्येच्या चौथ्या हिश्श्याइतका भरतो आणि अशा ठिकाणी मोठी जोडणी घेण्यास पर्याय नाही.

परंतु देशातील अनेक विद्यापीठांत बाहेरची जोडणी पुरेशी आहे. या बाबतीत भारताची गुंतवणूक जुनी आहे. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा शैक्षणिक व संशोधन जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले होण्याच्या कितीतरी आधी. मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपये खर्चाच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यास मंजुरी मिळाली आणि विद्यापीठे व संशोधन संस्था गिगाबिट वेगाच्या प्रकाशतंतूंनी जोडल्या गेल्या. दिल्लीहून प्रवेशद्वारापर्यंत आलेले हे पाणी खोलीतील नळाला मात्र येत नाही. शेवटच्या शंभर मीटरचा हा प्रश्न आहे आणि त्यासाठी स्वतंत्र निधीशीर्ष क्वचितच असते.

अडथळा बाहेर आहे की आत, हे ठरविण्याची रीत अगदी सोपी आहे. गर्दीच्या वेळी एक संगणक वायरने थेट वसतिगृहाच्या मुख्य स्विचला जोडून वेग मोजावा आणि त्याच क्षणी खोलीत वाय-फायवर मोजावा. दोन्हीकडे वेग कमी असेल तर दोष बाहेरच्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक. वायरवर उत्तम आणि खोलीत वाईट असेल तर दोष हवेत आहे. पाच मिनिटांची ही चाचणी न करता लाखो रुपयांची जोडणी वाढविली जाते आणि विद्यार्थ्यांचा अनुभव तसाच राहतो, ही आपल्याकडील सार्वजनिक खरेदीची एक नेहमीची कहाणी आहे.

हवेतील गर्दी

वाय-फाय ज्या लहरींवर चालते त्यांसाठी परवाना लागत नाही. अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये काही लहरपट्टे परवान्याविना वापरण्यास खुले केले आणि त्यातूनच पुढे १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले तांत्रिक मानक आकारास आले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दीर्घकाळ बंधनांत होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातील ६०५ मेगाहर्ट्झ इमारतीच्या आत व बाहेर वापरण्यास मोकळे करण्यात आले. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागातील ५०० मेगाहर्ट्झ परवानामुक्त करण्यासंबंधीचे मसुदा नियम मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

परवाना नाही याचा अर्थ मालक नाही. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ च्या प्रसिद्ध निबंधात सामायिक कुरणाचे जे वर्णन केले, ते येथे चपखल बसते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकूण ८३.५ मेगाहर्ट्झ जागा आहे. त्यात वाहिन्यांना क्रमांक १३ दिलेले असले तरी एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच मावतात : १, ६ आणि ११. एका मजल्यावर चाळीस खोल्या आहेत आणि संस्थेचे वाय-फाय चालत नाही म्हणून दहा खोल्यांतील विद्यार्थ्यांनी आपापले राउटर आणले, तर तीन वाहिन्यांवर दहा नवे आवाज सुरू होतात. राउटर कोणी वापरीत नसला तरी तो आपले नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा प्रक्षेपित करतो आणि तेही सर्वांना ऐकू जावे म्हणून सर्वांत संथ गतीने. राउटर घेणाऱ्याला स्वतःचा लाभ दिसतो. शेजाऱ्याच्या गतीत झालेली घट त्याच्या हिशेबात नसते. पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेल्या बाह्यपरिणामाच्या संकल्पनेचे याहून जवळचे उदाहरण विद्यार्थ्यास मिळणार नाही.

एक वाहिनी अनेकांनी वापरायची म्हणजे कोणीतरी बोलत असताना इतरांनी थांबले पाहिजे. वाय-फायचा मूळ नियम सभ्य माणसाचा आहे : आधी ऐकावे, शांतता असेल तरच बोलावे, दोघे एकदम बोलले तर दोघांनीही यदृच्छ काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. संख्या वाढली की थांबण्यातच वेळ जातो. या नियमात आणखी एक खोच आहे आणि ती थोडी सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण बहुतेक वसतिगृहांतील संथपणाचे मूळ तिच्यात सापडते.

एका ॲक्सेस पॉइंटला दोन विद्यार्थी जोडलेले आहेत असे मानू. पहिला त्याच्या समोरच बसलेला असून त्याची जोडणी ५४ एमबीपीएस गतीने चालते. दुसऱ्याची खोली दोन भिंतींपलीकडे आहे; लहरी क्षीण झाल्याने त्याची गती ६ एमबीपीएसवर घसरते. नियम दोघांनाही पाठविण्याची समान संधी देतो, समान वेळ देत नाही. समजा प्रत्येकाने आपल्या पाळीत ५४ मेगाबिट माहिती पाठविली. पहिल्याला १ सेकंद लागेल, दुसऱ्याला ९ सेकंद. दहा सेकंदांत दोघांची मिळून १०८ मेगाबिट माहिती गेली. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ५.४ एमबीपीएस. समोर बसलेल्या विद्यार्थ्याचीही गती दूरच्या विद्यार्थ्याइतकीच झाली आणि हवेतील ९० टक्के वेळ एकट्या दुसऱ्याने व्यापला. ग्रेनोबल येथील संशोधकांनी २००३ मध्ये हा दोष स्पष्टपणे मांडला होता.

यावर ‘समान वायुकाळ’ हा उपाय अनेक उपकरणांत उपलब्ध आहे. दोघांना अर्धा-अर्धा वेळ दिला तर पहिल्याला २७ आणि दुसऱ्याला ३ एमबीपीएस मिळतात. एकूण वहन १०.८ वरून ३० वर जाते. कार्यक्षमता जवळपास तिप्पट झाली. मात्र जो आधीच मागे होता त्याचा वाटा ५.४ वरून ३ वर आला. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या व्याख्यानात विचारलेला ‘समता कशाची?’ हा प्रश्न येथे जसाच्या तसा उभा राहतो. संधीची समता, वेळेची समता आणि फलाची समता या तिन्ही एकाच वेळी साधत नाहीत. मात्र तिसरा मार्ग शिल्लक राहतो. ॲक्सेस पॉइंट दुसऱ्या विद्यार्थ्याच्या जवळ आणला आणि त्याचीही गती ५४ झाली, तर दोघांनाही २७ एमबीपीएस मिळतात. आहे त्या टंचाईच्या वाटपावर वाद घालण्यापूर्वी टंचाई भिंतीने निर्माण केली आहे काय, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

व्हरांडा की खोली?

वसतिगृहांत ॲक्सेस पॉइंट बहुधा व्हरांड्याच्या छताला बसविलेले दिसतात. तेथे वायर नेणे सोपे, खोलीचे कुलूप उघडावे लागत नाही आणि चोरीची भीती कमी. नकाशावरही ते चांगले दिसते. परंतु व्हरांडा हा लांब बोगदा असतो. त्यात एका टोकाचा ॲक्सेस पॉइंट दुसऱ्या टोकाच्या ॲक्सेस पॉइंटला स्वच्छ ऐकतो, म्हणजे ते एकमेकांना अडवितात. ज्या विद्यार्थ्यासाठी ते बसविले तो मात्र नऊ इंची विटांच्या भिंतीमागे आणि बऱ्याचदा लोखंडी कपाटाच्या आडोशाला बसलेला असतो.

अशा वेळी तक्रार आली की कंत्राटदार उपकरणाची शक्ती वाढवून देतो. मोबाइलवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसू लागतात आणि गती मात्र सुधारत नाही. कारण संभाषण दुहेरी असते. ॲक्सेस पॉइंट मोठ्याने बोलू लागला तरी मोबाइलचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय मोठ्या आवाजाने शेजारच्या मजल्याची वाहिनीही व्यापली जाते. योग्य दिशा याच्या उलट आहे : ॲक्सेस पॉइंटची संख्या अधिक, प्रत्येकाची शक्ती कमी आणि जागा शक्यतो खोलीच्या आत किंवा दोन-चार खोल्यांच्या समूहात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत लवकर विरतात, हा दोष म्हणून सांगितला जातो. दाट वसतिगृहात तोच गुण ठरतो, कारण शेजारच्या खोलीतील वापर आपल्या वाहिनीला अडवीत नाही. या पट्ट्यात २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वीसहून अधिक वेगळ्या वाहिन्या मिळतात. जाहिरातीतील मोठा आकडा गाठण्यासाठी ८० मेगाहर्ट्झची रुंदी निवडली की त्या जेमतेम पाच-सहा उरतात. एका घरासाठी रुंद वाहिनी उत्तम. तीनशे खोल्यांसाठी ती चूक आहे.

सर्वांत स्वस्त सुधारणा मात्र वाय-फायची नाहीच. प्रत्येक टेबलाजवळ वायरचे एक सॉकेट दिले तर लॅपटॉप त्यावर जातात आणि हवा मोबाइलसाठी मोकळी होते. तांब्याच्या साध्या वायरची मर्यादा सुमारे १०० मीटर असल्याने मजल्यागणिक एक स्विच पुरतो. नवी वसतिगृहे बांधताना विजेच्या नळ्यांबरोबर ही नळी टाकण्याचा खर्च नगण्य असतो. भिंती रंगवून झाल्यावर तेच काम अनेक पटींनी महाग पडते. सार्वजनिक बांधकामाच्या अंदाजपत्रकात हा घटक सुरुवातीपासूनच असावयास हवा.

रांगेचाही एक प्रश्न आहे. बाहेरची जोडणी भरून वाहू लागली की उपकरणे माहिती टाकून न देता साठवून ठेवतात आणि साठा वाढत गेला की प्रत्येक लहान विनंतीला त्या लांब रांगेमागे उभे राहावे लागते. बँकेच्या खिडकीवर एका माणसाने पन्नास धनाकर्ष काढायला घ्यावेत आणि केवळ पासबुक भरून घेणाऱ्यानेही त्याच्यामागे थांबावे, तसा हा प्रकार आहे. मुख्य राउटरमध्ये प्रत्येक वापरकर्त्याची रांग वेगळी ठेवणारी व्यवस्था सुरू केली आणि वेगमर्यादा जोडणीच्या क्षमतेहून किंचित कमी ठेवली, तर मोठी फाइल उतरविणारा आणि परीक्षेचा अर्ज भरणारा दोघेही सुखाने नांदू शकतात. ही पद्धत २०१८ मध्ये खुल्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाली असून तिच्यासाठी परवानाशुल्क लागत नाही. अनेक ठिकाणी ती उपकरणात आधीच असते. ती सुरू करणारा माणूस नसतो.

वाटपाचे नियम कोणी करावेत?

अर्थशास्त्राच्या वर्गीकरणात वसतिगृहाचे वाय-फाय ही ‘मंडळ वस्तू’ ठरते. बाहेरच्यांना वगळता येते, परंतु सदस्य वाढले की प्रत्येकाचा लाभ घटतो. जेम्स बुकॅनन यांनी १९६५ मध्ये या प्रकाराचा सिद्धांत मांडला. गर्दीच्या वेळेस अधिक दर आकारावा, हा विल्यम विक्री यांचा विचार. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी त्यांनी तो १९५२ मध्ये सुचविला होता. वसतिगृहात तो सरळ लागू करणे मात्र अनुचित ठरेल. रात्री नऊला जास्त पैसे देण्याची तयारी ही अभ्यासाच्या निकडीपेक्षा वडिलांच्या उत्पन्नावर अवलंबून असते. पैशाऐवजी वेळेचा दर मात्र वापरता येतो : मोठ्या फाइली व संगणकप्रणालीच्या सुधारित आवृत्त्या मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत विनामर्यादा आणि रात्री नऊ ते बारा या वेळेत दरडोई समान वाटा.

दरडोई या शब्दावर भर द्यावा लागतो. बऱ्याच ठिकाणी मर्यादा उपकरणागणिक असते. ज्याच्याकडे लॅपटॉप, मोबाइल आणि टॅबलेट आहे त्याला तिप्पट वाटा मिळतो. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा जो प्रयोग उभा केला, त्यात पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार देण्यात आला. उपकरणे ही येथील जमीन आहे. वाटा माणसाला दिला तरच तो न्याय्य ठरतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते हार्डिन यांचे कुरण नेहमीच उद्ध्वस्त होत नाही हे दाखविल्याबद्दल. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, देखरेख त्यांच्याच हाती राहिली, शिक्षा टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि तंटा सोडविण्याची जागा जवळ असली, तर सामायिक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, असे त्यांच्या संशोधनातून दिसले. वसतिगृहांत भोजनालयाची समिती असते. भाजी कोणती असावी येथपासून ते हिशेबापर्यंत ती लक्ष घालते. वाय-फायची समिती असल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते. खासगी राउटर बंद करा, अशी सूचना अधीक्षकांनी फलकावर लावली तर ती पाळली जात नाही, आणि पाळली जाऊही नये. पर्याय न देता केलेली बंदी अन्यायाची असते. मात्र खोलीत चांगली जोडणी दिल्यानंतर हाच नियम विद्यार्थी समितीने केला आणि मजल्यागणिक वाहिन्यांचा नकाशा फलकावर लावला, तर तो टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

वापरकर्त्याची ओळख पटविण्याची सक्ती ही विद्यार्थ्यांची नित्याची कटकट असते. तिच्यामागे इतिहास आहे. २००८ मधील बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई व नवी मुंबईतील असुरक्षित वाय-फाय जोडण्यांचा गैरवापर करून ई-मेल पाठविले गेले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सेवांसाठी ओळख पडताळणीचे निर्देश दिले. ओळख हवी, यात दुमत नाही. परंतु दर तासाला पुन्हा संकेतशब्द विचारणारे पान हे सुरक्षेचे लक्षण नसून आळशी रचनेचे आहे. अर्नेटमार्फत भारतात उपलब्ध असलेल्या ‘एज्युरोम’ व्यवस्थेत विद्यार्थ्याची ओळख एकदाच उपकरणात नोंदली जाते आणि सहभागी असलेल्या देशातील वा परदेशातील दुसऱ्या संस्थेतही ती चालते.

निविदेतील एक ओळ

या क्षेत्रातील अपयश तंत्राइतकेच करारातही असते. निविदेत ‘ॲक्सेस पॉइंट, नग ४०’ असे लिहिले जाते आणि सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम मिळते. त्याने ४० नग बसविले की करार पूर्ण होतो. खोलीत काय मिळते याचा उल्लेख कोठेच नसतो. मालक-अभिकर्ता समस्येचे हे ठळक उदाहरण आहे, कारण देयक मंजूर करणारा अधिकारी त्या वाय-फायवर रात्री अभ्यास करीत नाही. निविदेत एक ओळ बदलली तरी प्रोत्साहनांची दिशा बदलते : ‘प्रत्येक खोलीत, दार बंद असताना, रात्री नऊ ते अकरा या वेळेत ५ गिगाहर्ट्झवर ठरावीक किमान गती’, मोजणी विद्यार्थी समितीसमक्ष आणि देयकाचा एक भाग त्या मोजणीवर अवलंबून. अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी सल्लासेवांखेरीज अन्य कामांतही, ती गुणवत्ताप्रधान घोषित केल्यास, दराव्यतिरिक्तच्या निकषांना ३० टक्क्यांपर्यंत भारांक देण्याची वाट मोकळी केली आहे. देखभालीची तरतूदही याच टप्प्यावर करावी लागते. भांडवली अनुदानातून उपकरणे येतात, महसुली खर्चातून ती जगतात. दुसरे शीर्ष रिकामे राहिले की तिसऱ्या वर्षी छताला केवळ बंद दिवे लटकलेले दिसतात.

संस्थेच्या भिंतीबाहेर

आतापर्यंतचा विचार संस्थेच्या वसतिगृहाचा झाला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे बहुसंख्य विद्यार्थी दिल्लीच्या मुखर्जीनगरात, कोट्यात किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत भाड्याच्या खोल्यांत राहतात. तेथे समिती नाही, निविदा नाही आणि घरमालकाने वीस खोल्यांसाठी एका घरगुती जोडणीची सोय केलेली असते. सार्वजनिक वाय-फायचे महत्त्व अशा ठिकाणी उठून दिसते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून सुरू झालेली रेलटेलची वाय-फाय सेवा पुढे ६,००० हून अधिक स्थानकांवर पोहोचली. एर्नाकुलम स्थानकावरील एका हमालाने तिच्या आधारे अभ्यास करून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केल्याची बातमी २०१८ मध्ये देशभर गाजली होती.

डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ आराखड्यानुसार कोणताही दुकानदार, खानावळचालक वा घरमालक परवान्याविना आणि नोंदणीविना ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’ चालवू शकतो. अनेक कार्यालयांचे एकत्रीकरण करणाऱ्या संस्थेने मात्र दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावयाची असते; मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट ही संस्था सांभाळते. योजनेचा प्रसार अपेक्षेहून संथ राहिला. त्याचे एक कारण असे, की लहान दुकानदाराकडून सेवादाते घरगुती दराऐवजी महागड्या भाडेतत्त्वावरील वाहिनीचा दर मागत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये यावर मर्यादा घातली : २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी अशा कार्यालयाकडून तत्सम घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारणी करता येणार नाही.

हिशेब करून पाहावा. घरगुती दर महिना ६०० रुपये मानला तर खानावळचालकास कमाल १,२०० रुपये पडतील. तीस विद्यार्थ्यांत तो खर्च वाटला तर दरमहा प्रत्येकी ४० रुपये होतात. वीज, राउटरची झीज आणि चालकाचा नफा धरूनही ही रक्कम स्वतंत्र डेटा पॅकपेक्षा पुष्कळच कमी राहते. मात्र खानावळीतील राउटरच्या लहरी वरच्या मजल्यावरील खोलीत पोहोचेपर्यंत ६ एमबीपीएसवर आलेल्या असतील, तर वर केलेली दहा सेकंदांची आकडेमोड येथेही लागू होईल. तळमजल्यावर एक मोठा राउटर ठेवण्याऐवजी प्रत्येक मजल्यावर वायरने जोडलेला एक लहान राउटर बसविणे घरमालकाच्याही हिताचे आहे. त्यासाठी लागणारी वायर जिन्याच्या कोपऱ्यातून एका दुपारी टाकून होते.